जावयाची बाजू

आमच्या आळीची पिण्याच्या पाण्याची विहीर उघडी होती. जमिनीलगत दगडाची एक कड, एवढंच. पावसाळ्यात त्या कडेवर शेवाळ धरायचं. शेजारच्या घरची सून घागरीसकट आत गेली आणि दोरी हाताला लागली म्हणून वर आली, तेव्हापासून आम्ही बायकांनी कठड्यासाठी पैसे जमवायला घेतले. उन्हाळ्यात केळी सुकवायची, सुकेळी केळीच्या वाळक्या सोपटात बांधून स्टेशनावर विकायला पाठवायची आणि आलेल्या पैशांतला वाटा डब्यात टाकायचा. डबा माझ्याकडे असे. तिसऱ्या वर्षी गवंड्याशी बोलण्याइतकी रक्कम झाली, आणि त्याच वर्षी आमच्या गावचा फुटबॉलचा संघ अंतिम सामन्यात पोचला.

स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली असतील. धान्य अजून रेशनवर होतं. भात कापून झालं की देवळाशेजारच्या, म्हणजे चर्चच्या शेजारच्या, शेतातली धसकटं काढायची, जमीन चोपायची आणि नाताळानंतर तिथे स्पर्धा भरवायची, असा रिवाज होता. विजेत्या संघाची ढाल गेली काही वर्षं पाचूबंदरच्या मच्छीमार पोरांकडे होती. होडी ओढून त्यांचे पाय असे झाले होते की आमची वाडीतली मुलं त्यांच्यावर आपटून परत यायची.

आमचे घरचे संघाचे चिटणीस. त्यांनी एका संध्याकाळी डब्याचा विषय काढला.

"मुंबईत एक गिरणीचा खेळाडू आहे. मधल्या फळीत खेळतो. तो आला तर ढाल आपली. ढालीबरोबर रोख बक्षीस आहे. तुमचे पैसे परत येतील, वर थोडे जास्तच."

"आणि हरलात तर?"

"तो आल्यावर हरू कसे?"

याला उत्तर म्हणत नाहीत. मी दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्या बायकांना विचारलं. कुरकुर झाली, पण घरोघरचे नवरे, दीर, मुलगे याच संघात. शेवटी एक म्हातारी म्हणाली, "दे. पण पैसे नाही आले तर आम्ही तुझ्या नवऱ्याकडे जाणार नाही, तुझ्याकडे येऊ." मी डबा दिला.

सामन्याच्या आधीच्या रविवारी दुपारच्या गाडीनं खेळाडू आला. टांग्यातून उतरला तेव्हा सगळी आळी ओट्यांवर होती. अंगानं किरकोळ, केस मागे वळवलेले, हातात एक ट्रंक आणि खांद्याला कापडी पिशवीत बूट. आमची मुलं अनवाणी खेळायची, त्यामुळे ट्रंकेपेक्षा पिशवीकडेच सगळे बघत होते.

"एवढाच?" ओट्यावरून कुणीतरी विचारलं.

"बाकीचा मागच्या गाडीनं येतोय," दुसऱ्यानं सांगितलं.

त्याची उतरण्याची सोय आमच्याकडे. मी ओटीवरची खोली दिली आणि पहिल्याच दिवशी त्याच्या खाण्याचं ठरवून टाकलं: सकाळी दोन अंडी, पाव, चहा, दुपारी मासे-भात, रात्री भाकरी. त्यानं ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "अंडी चार होतील का, वहिनी?"

बुधवारपर्यंत त्याचं नाव गावात कुणी घेत नव्हतं. बायका त्याला जावई म्हणू लागल्या. "जावई उठले का?" "जावयांना सरंगा आवडला का?" विहिरीवर रोज हेच. हसून विचारायच्या, पण प्रश्न मलाच असायचा आणि पैसे त्यांचेच होते.

संशय यायला कारणं होती. एक तर तो सरावाला पळत नसे. आमची मुलं संध्याकाळी घामानं निथळत, हा मैदानाच्या मध्ये उभा राहून हातवारे करी. चेंडू आला की एका फटक्यात लांब टाकी, आणि तो बहुतेक वेळा जिथे कुणीच नाही तिथे जाऊन पडे. मग म्हणे, "तिथे जायला हवं होतं." माझे दीर त्याच्याआधी मधल्या जागेवर खेळायचे. आता त्यांना उजव्या कडेला सरकवलं होतं. ते एकदा घरी येऊन म्हणाले, "वहिनी, चेंडू जिथे नाही तिथे जायचं म्हणे. याला पैसे देऊन आणलाय, आणि पळायचं आम्ही."

दुसरं म्हणजे तेल. माझी खोबरेल तेलाची बाटली चार दिवसांत अर्धी झाली. मला वाटलं बुटांना लावतो. खोली झाडताना बूट उचलून बघितले तर कातडं कोरडं ठणठणीत, कडेला भेगासुद्धा. मग तेल जात कुठे होतं?

आणि तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. आमच्या आळीतली एक मावशी टोपलीतून भाजी घेऊन पाचूबंदरला जायची आणि मासे घेऊन परत यायची. गुरुवारी ती थेट माझ्या पडवीत येऊन बसली.

"तुझा जावई पाचूबंदरला कुणाकडे जातो गं?"

"कोण, आमचा?"

"आज पाहिला. मंगळवारीही पाहिला होता. लिलावाच्या जागेच्या मागच्या घरात शिरला. मी बोलणार नव्हते, पण पैशात माझाही वाटा आहे."

ज्या गावाशी रविवारी सामना, त्याच गावात हा दोनदा जाऊन आलेला. मी घरच्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. रात्री जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज कुठे फिरून आलात?"

"किल्ला बघून आलो," तो म्हणाला आणि भात मागून घेतला.

किल्ला पाचूबंदरला लागूनच आहे, तेव्हा हे खोटंही म्हणता येईना.

शुक्रवारी संघाची बैठक आमच्याच अंगणात झाली, तो बाहेर गेलेला असताना. कुणी म्हणालं परत पाठवा, कुणी म्हणालं पैसे गेलेच आहेत, खेळू तरी द्या. शेवटी जे ठरलं ते आमच्याच लोकांना सुचावं असं होतं. आमच्या वाड्यांमध्ये रोजावर माणूस लावला की घरचं एक माणूस त्याच्या शेजारच्या वाफ्यात उतरतं. राखण म्हणून नव्हे, सोबत म्हणून, असं आम्ही म्हणतो. रोजावरच्या माणसाला खरं काय ते माहीत असतं. तसंच इथे करायचं ठरलं. माझ्या दिरांनी पूर्ण सामना त्याच्या शेजारी राहायचं. चेंडू मुद्दाम सोडला, मुद्दाम त्यांच्या पायात दिला, तर तिथल्या तिथे कळेल.

"आणि उजवी कड कोण सांभाळेल?" मी आतून विचारलं.

"तू चहा बघ," घरचे म्हणाले.

रविवारी सकाळी मी देवळातल्या मिस्साहून आले तर मागच्या न्हाणीशी खेळाडू दगडावर बसलेला. डाव्या पायाची विजार वर घेतलेली, गुडघा नारळाएवढा सुजलेला. त्यावर तेल चोळून, चुलीवर गरम केलेली एरंडाची पानं तो फडक्यानं बांधत होता. तेल कुठे जात होतं ते कळलं.

त्यानं पाय झाकायचा प्रयत्न केला नाही.

"हे कधीचं?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधीचं. पाचूबंदरला एक म्हातारा हाडवैद्य आहे. दोनदा जाऊन बांधून आणलं."

"पैसे घेताना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दिले असतेत?"

"परत करा."

"घरी पाठवले, वहिनी. गिरणीच्या संघातून पायामुळे मला काढलंय."

माझ्या डोळ्यांसमोर विहिरीची कड येत होती.

"पळता येईल?"

"नाही. उभं राहता येतं. चेंडू टाकता येतो. चेंडू पळेल."

मी तशीच मैदानावर गेले. घरचे फक्कीच्या रेघा ओढून घेत होते. त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते ऐकून म्हणाले, "गुडघा? म्हणजे न पळण्याचं कारण आधीच तयार करून ठेवलंय. बरं झालं भावाला शेजारी ठेवलाय ते." संशय एकदा बसला की खरी गोष्टही त्यातच मुरते. आणि मला स्वतःला तरी कुठे खात्री होती? गुडघा सुजला होता हे खरं. पण सुजलेल्या गुडघ्याचा माणूस विकला जात नाही असं थोडंच आहे?

सामना सुरू झाला. आम्ही बायका लिंबाच्या सरबताची भांडी घेऊन एका कडेला, आणि आमच्या शेजारीच पाचूबंदरच्या बायका. माझे दीर खेळाडूला चिकटून. तो डावीकडे सरकला की हे डावीकडे, तो थांबला की हे थांबले. लोक हसायला लागले. "अरे, लग्न लागलं का दोघांचं?" कुणीतरी ओरडलं. उजवी कड मोकळी पडली होती. पाचूबंदरच्या एका पोरानं तिथूनच चेंडू नेला आणि गोल केला. विहिरीवरच्या बायकांनी माझ्याकडे बघितलं.

मग शेजारून आवाज आला. पाचूबंदरची एक बाई दुसरीला सांगत होती, "त्याला कोन धरनार गो? त्याचा पाय आमच्या म्हाताऱ्यानंच बांधलाय. तो काय पलनार? आमच्या पोरांना ठावं हाय, त्याच्याकडे बगायचंच नाय."

मी खेळाडूकडे पाहिलं. खरंच, त्याच्या आसपास त्यांचा एकही माणूस नव्हता. अख्ख्या मैदानात त्याच्याजवळ फक्त आमचाच माणूस उभा होता.

मध्यंतरात मी सरबत घेऊन आत गेले. खेळाडू खाली बसला होता. माझे दीर तेव्हाही त्याच्या शेजारीच.

"तू मघापासून माझ्याजवळ का घुटमळतोयस?" त्यानं विचारलं.

सगळे खाली बघायला लागले. दीर सरळ स्वभावाचे. म्हणाले, "तुझ्यावर लक्ष ठेवायला."

"मग तिकडून ठेव," त्यानं उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं. "लांबून जास्त चांगला दिसेन."

घरचे काही बोलणार तोच मी म्हणाले, "त्याचा गुडघा गेलाय. हे मी सकाळी डोळ्यांनी पाहिलंय. पाचूबंदरच्या बायकांनाही माहीत आहे, म्हणून त्यांची पोरं त्याला मोकळा सोडतायत. त्याला धरून ठेवलंय ते आपणच. भावजी, तुम्ही कडेला जा आणि पळा. चेंडू नसेल तिथे पळा."

"तू मध्ये बोलू नकोस," घरचे म्हणाले.

"पैसे आमचे आहेत," मी म्हणाले.

दुसऱ्या अर्ध्यात दीर कडेला गेले. पहिल्या दोन वेळा चेंडू त्यांच्या पुढे पडून बाहेर गेला. तिसऱ्यांदा त्यांनी आधीच धाव घेतली. वाफ्यात पाणी पोचायच्या आधी त्याचं तोंड उघडून ठेवावं लागतं, हे आम्ही रोज करतो. मैदानात ते आम्हाला सुचलं नव्हतं. चेंडू मधून उठला, सगळ्यांच्या डोक्यांवरून गेला आणि दिरांच्या पायापुढे पडला. त्यांनी तो पुढच्याला दिला आणि गोल झाला. त्यानंतर काही वेळ असंच चाललं. खेळाडू जागेवरून दोन पावलंसुद्धा हलत नव्हता आणि पाचूबंदरची पोरं भलतीकडेच धावत होती. मग त्यांना उमगलं. दोघं येऊन त्याला चिकटले, एकानं त्याच्या डाव्या पायावर पाय दिला, आणि तो उठला तो एका पायावरच. पण मैदानाबाहेर गेला नाही. आणखी गोलही झाला नाही.

सामना बरोबरीत सुटला. सूर्य बुडत आला होता. फादरांनी दोन्ही संघांना बोलावून निकाल दिला: ढाल सहा महिने त्यांच्याकडे, सहा महिने आमच्याकडे, बक्षीस अर्धं-अर्धं.

सोमवारी सकाळी खेळाडू निघाला. मी सुकेळीचा एक पुडा दिला. तो त्यानं पिशवीत बुटांवर ठेवला आणि म्हणाला, "टांगा आणि गाडीचं भाडं वेगळं ठरलं होतं, वहिनी." ते मी दिलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं.

"हाडवैद्य निर्मळलाही आहे. इथून जवळ. तुम्ही पाचूबंदरलाच का गेलात?"

"तिथला चांगला आहे म्हणतात."

"आणि तो तुमच्या पायाबद्दल गावभर सांगेल हे माहीत नव्हतं?"

तो टांग्यात चढताना हसला. "मुंबईत मैदानावर मला कायम समोरच्या संघाची दोन माणसं धरून असायची," तो म्हणाला. "इथे पहिल्यांदा इतका वेळ कुणी धरलं नाही. एक सोडून." टांगा हलला.

त्यानं ते मुद्दाम केलं होतं की नाही, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. मुद्दाम केलं असेल तर आम्हाला का नाही सांगितलं? मुद्दाम नसेल तर मग ते नुसतं नशीब, आणि नशिबासाठी आम्ही पैसे दिले नव्हते. घरचे म्हणतात, फसवलं. दीर म्हणतात, वसूल झाले. ते पुढच्या वर्षापासून मधल्या जागेवर उभे राहायला लागले आणि लोक त्यांनाही ओरडायला लागले, पळ की रे.

निम्मे पैसे परत आले, तेव्हा गवंड्यानं निम्माच कठडा घातला. कुठली बाजू आधी घ्यायची यावर विहिरीवर भांडण झालं. शेवटी मुलं खेळायची ती बाजू दगड-चुन्यात बांधली. दुसरी बाजू तशीच राहिली आणि बायका तिला जावयाची बाजू म्हणू लागल्या. दोन उन्हाळे सुकेळी विकल्यावर तीही बांधून झाली, सिमेंटची, रंगानं वेगळी. अजूनही एखादी नवी सून घागर घेऊन त्या अंगाला गेली की म्हाताऱ्या तिला सांगतात, "तिकडून नको गं, ती जावयाची बाजू." कठडा आहे, धोका काही नाही. पण मीसुद्धा पाणी दगडाच्याच बाजूनं काढते.