कथिलाची बाटली

कारखान्याच्या मळीचा वास आला की नगरजवळच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा आठवते. साखरेच्या रेणूवरच्या अनेक हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या) गटांपैकी नेमक्या एकावरच रासायनिक क्रिया घडवायला आम्ही कथिलाचं संयुग, डायब्युटिलटिन ऑक्साइड, वापरायचो. एकदा पीएचडी करणाऱ्या ताईने ती बाटली माझ्याकडे सरकवून हळूच विचारलं, "तू वजन करशील का गं?" मागून तिचे गाईड असलेले सर हसले, "काय मॅडम, आता हाताखाली माणसं लागतात व्हय?" ताईचा दुसरा हात पोटावर होता आणि बाटलीवर गर्भाला धोका असल्याची सूचना. तिला दिवस गेल्याचं सरांना कळलं असतं तर तिचं काम दुसऱ्याकडे गेलं असतं. "मीच मागितलं, सर. शिकायचंय," मी म्हणाले, सरांशी आपणहून बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. पुढे रोज मीच वजन केलं. आज तसलीच बाटली मी माझ्या ज्युनिअरकडे सरकवली; माझ्या पोटावरच्या हाताकडे पाहून तिने ग्लोव्ह्ज चढवले.