पांढरी पडलेली प्रवाळं

नवऱ्याची दुसऱ्या राज्यातल्या प्लँटला बदली झाली आणि ताथवड्याच्या फ्लॅटमधली त्याची खाऱ्या पाण्याची टाकी माझ्या गळ्यात पडली. मासे दोनच, बाकी मित्रांनी दिलेल्या तुकड्यांपासून त्याने वाढवलेली प्रवाळं. चाकणच्या ट्रॅफिकमधून घरी यायचं, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायचं, मग टाकी बघायची.

त्या उन्हाळ्यात पाणी थंड ठेवणारं यंत्र बिघडलं. मेकॅनिक आज येतो, उद्या येतो करत राहिला, त्यात वीज जायला लागली. मी कंपनीतून सासूबाईंना फोन करायचे, "आई, बर्फाची पिशवी घट्ट बांधून टाकीत सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत सांडू देऊ नका." त्या गुडघे धरत उठायच्या. तरीही प्रवाळांचा हिरवा, जांभळा रंग उतरत गेला आणि शेवटी पांढरी हाडं उरल्यासारखी दिसायला लागली.

मी नवऱ्याला फोनवर म्हटलं, "मेलं सगळं. टाकी रिकामी करते."

"मेलं नाही गं. त्यांच्या अंगातलं शेवाळ उष्णतेनं निघून गेलंय. तेच त्यांना पोसतं. आता उपाशी आहेत. लाइट कमी ठेव, थोडं थोडं खायला घाल."

"मला कोण घालणार?" म्हणून मी फोन ठेवला.

सासूबाई ऐकत होत्या. भोसरीच्या जुन्या शेतकरी घरातल्या. टाकीतल्या प्रवाळांना त्या 'दगडं'च म्हणायच्या. म्हणाल्या, "जीव हाय म्हणतोय ना त्यो? मग कशी टाकायची? खायला मी घालते. तू फकस्त पाणी बदल."

यंत्र एकदाचं दुरुस्त झालं. दर रविवारी मी बादलीत मीठ कालवून पाणी बदलत राहिले. आशा वगैरे नव्हती, कंबर मात्र दुखायची.

पावसाळा सरत आला तेव्हा सासूबाईंनी हाक मारली, "हिकडं ये. बुडाशी रंग आलाय का बघ."

दोन प्रवाळांच्या बुडाशी तपकिरी छटा होती. आनंद व्हायला हवा होता. माझ्या मनात आलं, म्हणजे आता हे काम सुटत नाही. सासूबाई मात्र हसत होत्या, म्हणून मीही हसले.

सर्वांत मोठं प्रवाळ वाचलं नाही. नवरा सुट्टीवर आला तेव्हा ते त्यानेच बाहेर काढलं आणि बराच वेळ हातात धरून बसला.

"तू वाचवलंस बाकीचं," तो म्हणाला.

"आईंनी. परत कधी येतोयस कायमचा?"

"बघू."

त्याने बाह्या वर केल्या, बादली घेतली. मी आत जाऊन भरदुपारी झोपले.