आमच्या साडूंचा वैरणीचा मका

आमच्या थोरल्या साडूंविषयी लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. वैरणीचा मका त्यांच्याइतका अख्ख्या पडेगावात कुणाला कळला नाही, हे मी शपथेवर सांगतो. सांगायची खरी वेळ होती तेव्हा मात्र मी गप्प बसलो.

गाव मुठीनं फोकून मका पेरायचं; जितका दाट तितकी वैरण, असा सरळ हिशेब. साडू मात्र उकिडवे बसून दोन रोपांत बोटं लावून बघत. "दाण्यासाठी वीतभर, वैरणीसाठी चार बोटं. त्याहून दाटी केली की मक्याचं ताट सुतळीवानी व्हतं अन् वाऱ्यानं लोळतं." हा दाटीचा धसका शेतापुरता नव्हता. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांच्या पुढं फिरत. "सरका जरा! कोपराला कोपर लागलं की माणूस हात आखडून जेवतो." एकदा तर नवरदेवाच्या मामांनाच त्यांनी भरल्या पंगतीतून उठवलं. वर म्हणाले, "विरळणी केली."

कापणीचं वेड याहून मोठं. कणसाचा दाणा नखानं फोडायचा. पाणी आलं तर थांबायचं, दूध येऊन घट्ट व्हायला लागलं की विळा लावायचा. त्यापुढं ताटाचं लाकूड होतं, म्हैस तोंड फिरवते. शहरात शहागंजच्या बाजारात गाडीवरच्या भुट्ट्यांनाही ते नख लावत. गाडीवाला वैतागून म्हणाला, "चाचा, भुट्टा लेना है के नब्ज देखना है?" साडू गंभीरपणे म्हणाले, "इसकू आठ रोज और खेत में रहना था."

एका वर्षी गावकरी म्हणाले, "तुमच्या म्हशींचं दूध वाढलेलं दाखवा, पुढच्या साली आम्ही बी तसंच पेरू." मका झकास आला. कणसं धरली आणि नेमकं साडूंना लेकीच्या बाळंतपणासाठी जालन्याला जावं लागलं. मी कचेरीतून रजा काढून शेत सांभाळायला आलो. जाताना ते म्हणाले, "पाव्हणं, नख लावल्याबिगर विळा लावू नका." मी नख लावलं. पाणी निघालं. पण रजा संपत आली होती आणि मजूर आयते मिळाले होते. मी कापायला लावलं.

ती पाणचट वैरण म्हशींनी पोटभर खाल्ली. दूध काही वाढलं नाही. साडू परतले तेव्हा अंगणात मंडळी जमलेली. "विरळ पेरल्यानंच झालं, व्हय ना?" एकानं टोमणा मारला. साडूंनी उरलेल्या वैरणीच्या गंजीतलं एक कणीस सोललं. दाणे कोवळेच सुरकुतलेले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी जमिनीकडं.

"व्हय," ते म्हणाले, "माझाच अंदाज चुकला."

पुढच्या साली गावानं पुन्हा मुठीनं फोकलं. मक्याचं त्यांना कुणी काही विचारेनासं झालं. शेतातून जाताना दुसऱ्याच्या लोळलेल्या पिकाकडं ते नुसतं बघत आणि पुढं चालू लागत. मला एका शब्दानं कधी बोलले नाहीत.

शेवटच्या आजारपणात मी कितीदा तरी जाऊन उशाशी बसलो. मी तोंड उघडलं की ते विचारत, "जेवलात का, पाव्हणं?" आणि माझा धीर जाई. ते गेले. म्हणायचं होतं ते इतकंच: साडूभाऊ, पेरणी तुमची बरोबर होती. मका मी कच्चा कापला. मला माफ करा.