पोशेऱ्याच्या घोड्यांचा खटला

जव्हारला मी आलो तो वडिलांच्या एका मित्राच्या भरवशावर. संस्थानच्या कोर्टात त्या वेळी त्यांचा मोठा दबदबा होता. मी वकिलीची परीक्षा पास होऊन नाशकात रिकामा बसलो होतो. 'इकडे हवा चांगली आहे, मुलाला पाठवा,' असा त्यांचा निरोप आला आणि मी वळकटी बांधली. मी त्यांना काका म्हणत असे. सकाळी त्यांचे कागद लावायचे, दुपारी कोर्टात त्यांच्यामागे उभं राहायचं आणि संध्याकाळी चुकांबद्दल बोलणी खायची, असा माझा दिवस जाई. काका तोंडाचे फार तिखट होते. पण त्यांच्या घरी मला कधी परकं वाटलं नाही.

त्या सुमारास मोखाड्याकडच्या रस्त्यावर मालमोटारी धावू लागल्या. तोवर जंगलातला हिरडा, डिंक, नागलीची पोती असा सगळा माल घाटावरच्या रेल्वेपर्यंत घोड्यांच्या पाठीवरून जात असे. हे काम एका ठेकेदाराकडे होतं आणि पोशेऱ्याजवळ डोंगराच्या पायथ्याशी त्याच्या घोड्यांचा तळ होता. मोटार आली तशी घोड्यांची गरज संपली. तळावरच्या घोड्यांचं काय झालं, याची जव्हारात कोणी विचारपूस केली नाही. मीही केली नाही.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी काकांनी एक फिर्याद माझ्यापुढे टाकली. "नीट लिहून काढ. आपलाच अशील आहे." फिर्याद त्या ठेकेदाराची होती. पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावरच्या लोकांनी आपले घोडे चोरले, असं त्याचं म्हणणं होतं. मी सुवाच्य अक्षरात ती उतरवून काढली.

आरोपींना मी पाहिलं ते कोर्टाच्या ओसरीवर. चारपाच पुरुष भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्यापुढे एक पन्नाशीची बाई उभी होती. लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेलं, पायांना वाटेची लाल धूळ. अंधार असतानाच ती मंडळी पाड्यावरून चालत निघाली होती. त्यांना वकील नव्हता. मी सहज विचारलं, "मावशी, घोडे तुम्ही नेलेत का?"

"नेलं नाय," ती म्हणाली. "सोडलं."

मग तिने सांगितलं ते असं. ठेकेदाराचा तळ तिच्या पाड्याच्या खाली, झऱ्याच्या वाटेवर होता. भर उन्हाळ्यात एक दिवस रखवालदार निघून गेला. घोडे मात्र तिथेच होते, पुढच्या पायांना साखळीचे पायबंद आणि गळ्यातला दोर खुंटाला.

"पयल्या दिशी वाटलं, येल कोणतरी. दुसऱ्या दिशीबी कोण नाय. मी झऱ्यावरनं हंडा भरून वर चालली, तर समदी घोडी माझ्याकडं बगत व्हती. वरडली नाय, काय नाय. निस्ती बगत व्हती. आता सांगा, ते पाणी घेऊन घरी कसं जायचं?"

तो हंडा तिने घोड्यांपुढे धरला. घरी नवरा चिडला. वैशाखात त्या झऱ्याला वाटीवाटीने पाणी भरावं लागे. माणसांनाच पुरत नव्हतं. "घोड्यानला कुठलं देती?" असं तो तिला बोलला. पण खाली जाऊन त्याने घोडे पाहिले आणि कुऱ्हाडीच्या बोथट तुंब्याने पायबंद त्यानेच तोडले. सगळ्या पाड्याने मिळून घोडे सांभाळले. कोणी भाताचा पेंढा दिला, कोणी पाठीवरच्या जखमांना झाडपाला लावला. मोखाड्याच्या बाजारात ठेकेदाराचा माणूस भेटला तेव्हा यांनी त्याला विचारलंही. तो म्हणाला, "मेले तर गिधाडांना घाला."

पावसाआधी दोन घोडे मेले. बाकीचे पावसाळ्याच्या गवतावर सावरले. आणि ते सावरल्याची बातमी ठेकेदारापर्यंत गेली. दिवाळीनंतर तो आला तो एका व्यापाऱ्याला बरोबर घेऊन. हा व्यापारी बंदरपट्टीतला, हाडं आणि कातडी घेणारा. जखमी पाठीची म्हातारी जनावरं दुसरं कोण घेणार? पाडा वाट अडवून उभा राहिला, तेव्हा ठेकेदाराने चोरीची फिर्याद ठोकली. व्यापारी जव्हारच्या धर्मशाळेत दोरखंड घेऊन मुक्काम टाकून होता.

मी बाईंना धीर दिला. "भिऊ नका. ही चोरी होत नाही. तुम्ही सुटाल."

"आन घोडं?"

"घोडे त्याचेच. ते त्याला परत मिळतील."

तिने मागे भिंतीशी बसलेल्या माणसांकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मंग आमाला सोडवून काय करता, दादा? त्यानला सोडवा."

मी घरी आलो तो जेवलोच नाही. संध्याकाळी काका झोपाळ्यावर बसले होते. मी त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि एका दमात सांगून टाकलं की मला त्या लोकांचं वकीलपत्र घ्यायचंय.

काकांनी झोपाळा थांबवला. "म्हणजे माझ्याविरुद्ध उभा राहणार?"

"हो."

"माझ्या घरात राहून? माझं अन्न खाऊन?"

"मी उद्या दुसरी खोली बघतो."

"खोली कशाला बघतोस, गाढवा? वकील व्हायला आलास ना इथे? मग हो." ते उठले आणि पुस्तकांच्या कपाटाची किल्ली त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "पण ऐक. अर्धवट तयारीने आलास तर भर कोर्टात सोलून काढीन. आणि जनावरांवरच्या क्रूरतेच्या कायद्यामागे धावू नकोस. तो इंग्रजी हद्दीतला. आपल्याकडे लागू आहे की नाही, इथूनच भांडण सुरू होईल. लागू ठरला तरी दंड भरून घोडे त्याचेच राहतील."

विरुद्ध पक्षाच्या वकिलाने मला दाखवलेली ती पहिली वाट. तेवढं सांगून ते आत गेले. पुढे खटला संपेपर्यंत त्यांनी माझ्याशी त्याबद्दल घरात एक शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज दिला की निकालापर्यंत घोडे आहेत तिथून हलवू नयेत. न्यायाधीश बाहेरून आलेले, वयस्क आणि कमी बोलणारे होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घोडे आरोपींच्याच ताब्यात ठेवा म्हणता? चोरीचा माल चोरांकडे?"

"महाराज, ज्यांनी मरू दिले नाहीत त्यांच्याकडे ते आणखी काही दिवस सुरक्षित राहतील. धर्मशाळेतल्या व्यापाऱ्याबद्दल मला तसं म्हणता येत नाही."

मागे कोणीतरी हसलं. अर्ज मंजूर झाला.

बाजारात माझी थट्टा सुरू झाली. 'घोड्यांचा वकील' हे नाव मला तेव्हाच पडलं. पानाच्या गादीवर एकाने विचारलं, "अशील कचेरीत येतात तेव्हा बसतात कशावर हो?" मीही हसलो. मालकाने एखादी गोष्ट टाकून दिली, तिच्यावर पाणी सोडलं, तर तिच्यावरचा त्याचा हक्क उरत नाही, हे मला सिद्ध करायचं होतं. पण ठेकेदाराने घोडे टाकून दिले होते, हे तो कशाला कबूल करील?

ते कबूल केलं त्यानेच, आणि तेही मला अडचणीत आणण्यासाठी. उलटतपासणीत मी विचारलं, "घोडे आपण होऊन चरत पाड्याकडे गेले असतील ना?"

"मुळीच नाही!" तो उसळला. "जाणार कसे? पायबंद होते. या लोकांनी साखळ्या तोडल्या आणि घोडे नेले."

"म्हणजे तुम्ही तळ सोडलात तेव्हा पायबंद नक्की होते?"

"मी स्वतः बघून घातले होते."

"आणि गळ्यात दोर?"

"दोरही होते."

"त्यांना पाण्यावर कोण नेणार होतं?"

"रखवालदार."

"रखवालदाराला कामावरून कधी काढलंत?"

तो थांबला. त्याने काकांकडे पाहिलं. काका हातातल्या कागदाकडे बघत होते. "त्याच... त्याच सुमारास."

"तुम्ही तळ सोडलात त्याच्या आधी की नंतर?"

"आधी."

 पुढचा प्रश्न मला विचारावाच लागला नाही. न्यायाधीशांनीच टाक खाली ठेवला आणि म्हणाले, "मला ती जागा पाहायची आहे."

मोखाड्यापर्यंत आम्ही मोटारीने गेलो आणि तिथून घोड्यांवर. मला घोड्याची भीती वाटे. नाशकाहून येताना एका तट्टाने मला ओढ्यात टाकलं होतं. काकांचा घोडा माझ्या शेजारून चालला होता. उभ्या वाटेभर ते माझ्यावर ओरडत होते, "गुडघे आवळ! लगाम ओढू नकोस, तोंड फाटेल त्याचं!" ठेकेदार मागून बघत होता. आपला वकील दुसऱ्या पक्षाच्या वकिलाला घोड्यावर बसायला शिकवतोय, हे त्याला काही रुचलं नसावं.

तळ म्हणजे कारवीचं कुंपण आणि आत चारदोन ऐनाची झाडं. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढून आता पिवळं पडलं होतं. पाड्याच्या माणसांनी ते बाजूला सारून खुंट दाखवले. प्रत्येक खुंटाजवळ तुटलेली, गंजलेली साखळी पडली होती. कुंपणाच्या कारव्या दोर पोचेल तिथपर्यंत खाऊन संपल्या होत्या. आणि झाडं! घोड्याचं तोंड जिथवर जाईल तिथवर त्यांची साल उरली नव्हती. आतलं लाकूड उघडं पडून काळं झालं होतं आणि त्यावर दातांच्या खुणा होत्या.

न्यायाधीश एका झाडापाशी गेले आणि त्यांनी त्या खुणांवर हात ठेवला.  मग त्यांनी बाईंना विचारलं, "तुम्ही आला नसता तर?"

"मेली असती समदी," ती साधेपणाने म्हणाली. "पाणी नव्हतं त्यानला."

मी काकांकडे पाहिलं. ते त्या सोललेल्या झाडाकडे बघत उभे होते. मग त्यांनी ठेकेदाराला हाताने खुणावलं आणि दूर एका मोहाच्या झाडाखाली नेलं. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही. ठेकेदार हातवारे करत होता. काका करत नव्हते. परत आले तेव्हा काकांनी पागोटं सरळ केलं आणि कोर्टात बोलावं तसे म्हणाले, "महाराज, आमचे अशील फिर्याद मागे घेतात. या घोड्यांवर आपला हक्क उरलेला नाही, हेही ते लिहून देतात."

"स्वखुशीने?" न्यायाधीशांनी ठेकेदाराला विचारलं.

"होय," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर खुशी नव्हती, पण शब्द स्पष्ट होता.

पुढे मी काकांना विचारलं, त्या झाडाखाली काय सांगितलंत म्हणून. ते म्हणाले, "सांगितलं की खटला तू कदाचित जिंकशील. पण हे झाड बघितल्यावर तुझ्यासाठी उभं राहायला मला पाय नाहीत."

घोडे सुटल्याचं पाड्याला समजायला थोडा वेळ लागला. कायद्याची भाषा मीच त्यांना फोडून सांगितली. तेव्हा बाईंचा नवरा, जो कोर्टात एकदाही बोलला नव्हता, तो पुढे आला आणि त्याने विचारलं, "म्हंजे व्यापारी न्यायचा नाय?"

"नाही."

तो मागे वळला आणि डोंगराकडे तोंड करून एक लांब हाळी दिली. वरून पोरांच्या आरोळ्या आल्या. थोड्या वेळाने घोडे उतरणीवरून खाली येताना दिसले. पाठीवरचे चट्टे पांढऱ्या केसांनी भरून आले होते. एका घोडीला डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. ती वाटेच्या आतल्या बाजूने जपून चालत होती. न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला आणि तो पुन्हा लावायचं विसरले.

त्या थंडीत आणखी एक घोडा गेला. म्हातारा होता, पाड्यावर, पेंढ्यावर, माणसांच्या देखत गेला. बाकीचे पुष्कळ वर्षं जगले. त्यांच्या पाठीवरून मीठ आणि बियाणं डोंगरावर जाई, कधी तापाने फणफणलेलं माणूस दवाखान्यात येई. ओझं किती घालायचं ते पाड्याने बेताचंच ठरवलं होतं. त्या आंधळ्या डोळ्याच्या घोडीवर मात्र कधीच काही लादलं नाही.

डोंगरातली माणसं माझ्याकडे येऊ लागली ती तेव्हापासून. जमिनीची भांडणं, जंगलाच्या वाटा, लाकूडतोडीचे आळ. फार शिकलेला किंवा फार हुशार म्हणून ती माझ्याकडे येत नव्हती. हा आपलं ऐकून घेतो, एवढं त्यांना पुरे होतं. त्याच माणसांमुळे माझा संसार उभा राहिला, आणि मी वकील झालो तोही त्यांच्यामुळेच. त्या ओसरीवर एक बाई मला 'त्यानला सोडवा' म्हणाली नसती, तर मी जन्मभर दुसऱ्यांच्या फिर्यादी सुवाच्य अक्षरात उतरवत राहिलो असतो.

पुढच्या हंगामात ती आणि तिचा नवरा नव्या नागलीचं पीठ घेऊन जव्हारला आले. पिठाच्या दोन पुरचुंड्या होत्या. एक माझ्यापुढे ठेवून तिने दुसरी हातातच धरली.

"ही त्या म्हाताऱ्या वकिलाची," ती म्हणाली.

"मावशी, ते तर तुमच्या विरुद्ध होते."

"व्हतं. मंग नव्हतं."

काकांच्या घरात नागली कधी शिजली नव्हती. काकूंना तिची भाकरी थापता येईना; कडा फाटत होत्या. तेव्हा बाईच चुलीपुढे बसली आणि गरम पाण्यात पीठ कसं उकडायचं ते तिने काकूंना दाखवलं. काका पाटावर बसून वाट पाहत होते. पहिली भाकरी ताटात पडली तशी त्यांनी ती मोडली, आमटीत बुडवून खाल्ली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "खा, गरम आहे तोवर. आणि त्या दोघांचीही पानं मांडायला सांग."