सतरा पायऱ्यांचा कठडा

वेन्डल निस्काला एकोणतीस वर्षांचा होता आणि त्याचा उजवा गुडघा साठ वर्षांचा. हे त्याचंच वाक्य. गुडघ्याबद्दल तो एरवी बोलत नसे, फक्त जिना चढताना गप्प व्हायचा.

मी इर्मा. अमेरिकेतल्या डुलुथ शहरात एका दुकानात बर्फावर घसरायचे बोर्ड तासून त्यांना मेण लावते आणि हिवाळ्यात लोकांच्या उड्या कॅमेऱ्यात टिपते. वेन्डलचे सात हिवाळे मीच टिपले. सात वर्षं एक कंपनी त्याला फुकट बोर्ड पाठवत होती. बघणाऱ्याला वाटायचं, झाला की स्पॉन्सर. डोंबलाचा स्पॉन्सर. खरा स्पॉन्सर म्हणजे दर महिन्याला पगार, बोर्डावर आपलं नाव आणि संघाबरोबर जगभर हिंडणं. वेन्डल उन्हाळ्यात लोकांच्या छपरांवर खिळे ठोकायचा, हिवाळ्यात पिझ्झाच्या भट्टीपुढे उभा राहायचा आणि मधल्या वेळात आपटून घ्यायचा.

त्या मार्चमध्ये कंपनीच्या रॉस किटरिजचा फोन आला. संघात एक जागा रिकामी होती.

"तीन मिनिटांची फिल्म पाठव, सोमवार सकाळपर्यंत," रॉस म्हणाला. "आणि शेवटी काहीतरी दणदणीत हवं. बाकी सगळं आमचं बघून झालंय. हे बघ, तिशीनंतर आम्ही नवीन माणूस घेत नाही, तुला काय सांगायचं."

वेन्डलला मे महिन्यात तीस वर्षं पूर्ण होणार होती. म्हणजे हा शेवटचाच फोन, हे आम्हा दोघांनाही कळलं.

त्यानं टेकडीवरच्या शाळेच्या जिन्याचा कठडा निवडला. सतरा पायऱ्या, मधोमध एक सपाट टप्पा, पुन्हा उतार. त्या लोखंडावर बोर्ड आडवा टाकून खालपर्यंत घसरत यायचं, दोन ठिकाणी कठडा वाकतो तिथे पडायचं नाही, आणि शेवटी अर्धं वळून उतरायचं. शुक्रवार-शनिवार आम्ही दोघं फावड्यानं बर्फ ओढत होतो. वर चढण रचली, खाली उतरण रचली. आमच्यात नियमच आहे, जो खणत नाही तो उडी मारत नाही. माझी उडी नव्हती तरी मी खणलं, आणि माझी कंबर मला अजून त्याबद्दल शिव्या घालते.

शाळेचा रखवालदार सोल्बर्ग भला माणूस. "रविवारी बारापर्यंत तुमचं काय ते करा," तो म्हणाला. "बारानंतर पायऱ्या स्वच्छ पाहिजेत, नाहीतर सोमवारी पोरं घसरतील आणि माझी नोकरी घसरेल."

रविवारी सकाळी मी पायऱ्यांसमोर तिपाईवर कॅमेरा लावला. वेन्डल पडला, चढला, पडला, चढला. आमच्या धंद्यात पडलेल्या उड्या कुणी मागे जाऊन बघत नाही. थंडीत बॅटरी भराभर मरते, ती बघण्यात घालवायची नसते. नवव्या उडीनंतर मी बॅटरी बदलली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दव गोठलं होतं, हातात जाड मोजे होते. वेन्डल वर तयार झाला की मी बटण दाबायची, तो पडला की पुन्हा दाबायची.

विसाव्या खेपेला त्यानं ती पुरी मारली. सगळा कठडा, दोन्ही वाक, शेवटचं वळण, आणि असा अलगद उतरला की मला रडू आलं. तो बर्फात उताणा पडून हसत होता. सात वर्षांत मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"दाखव, दाखव," तो म्हणाला.

मी पडदा पुसला. त्यात वेन्डल बोर्ड काखेत घेऊन पायऱ्या चढत होता. त्याच्या आधीचं काढलं, तिथेही चढत होता.

"उडी कुठंय, इर्मा?"

"नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"बॅटरी बदलताना बटण एकदा जास्त दाबलं गेलं. तेव्हापासून सगळं उलटं झालंय. तू चढतोस ते आहे, उडतोस ते एकही नाही."

त्यानं मला शिव्या द्याव्यात म्हणून मी उभी राहिले. आमच्यात एकच कायदा आहे, कॅमेऱ्यात नाही ते झालंच नाही. 'काल मारली होती' असं म्हणणाऱ्याला सगळे तोंडावर हसतात. वेन्डल सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

बर्फात बसून त्यानं आपलं चढणं बघितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आधी एक हात खिशात होता. मग तो कठड्यावर आला. शेवटी शेवटी तर दर पायरीवर दोन्ही पाय टेकत चालला होता, लहान मूल चढतं तसा.

"मी असा चालतो?"

"दमला होतास रे."

"ते नाही विचारत. रोज असा चालतो का?"

खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. "दोन वर्षं झाली," मी म्हणाले.

साडेअकरा वाजले होते. तो पुन्हा वर गेला. मी बटण तीनदा तपासलं. बोर्डात पाय अडकवून त्यानं उजवा गुडघा दोनदा वाकवून पाहिला, मग पट्टे सोडले आणि तो चालत खाली आला.

"बास," तो म्हणाला. "फावडं दे."

बाराच्या आत आम्ही सगळ्या पायऱ्या मोकळ्या केल्या. फिल्म त्यानं शेवटाशिवायच पाठवली.

सोमवारी दुपारी तो दुकानात असतानाच रॉसचा फोन आला. मला ऐकू यावं म्हणून वेन्डलनं आवाज मोठा केला.

"शेवट कुठंय, बाबा?" रॉसनं विचारलं. "त्या शाळेच्या कठड्यावर दोन दिवस खणत होतास, असं कानावर आलं. मारलास का?"

वेन्डलनं माझ्याकडे बघितलं. त्याच कंपनीच्या संघाची आमच्या भागातली फिल्म करायचं काम त्या वर्षी मला मिळायचं घाटत होतं. बटण चुकवणारीला ते कोण देणार? हे त्याला माहीत होतं. मी हातानं खूण केली, सांग त्याला, माझं नाव सांग.

"नाही," वेन्डल म्हणाला. "नाही जमलं."

"अरेरे. थोडक्यात राहिलं बघ," रॉस म्हणाला.

फोन खिशात टाकून वेन्डल म्हणाला, भट्टी पेटवायची वेळ झाली, आणि निघाला. मी तिथेच ओरडायला हवं होतं की त्यानं मारली, मी या दोन डोळ्यांनी पाहिली. मी तोंड उघडलं नाही. पुढच्या हिवाळ्यात कंपनीनं मला काम दिलं, आणि मी ते घेतलं.