मागच्या सीटवरचे सासरे

काकूंचा कान म्हणजे गॅरेजची अब्रू. गाडीच्या हवेच्या नळीत कुठं बारीकशी गळती असली की त्यांचे दीर वेल्डिंग थांबवत, रेडिओ बंद करत आणि गिऱ्हाइकांना हातानंच गप्प बसवत. काकू गाडीखाली सरकत आणि थोड्या वेळानं आतून म्हणत, “इथं.” तिथं साबणाचं पाणी लावलं की फुगा आलाच! नवऱ्याच्या माघारी त्या आणि दीर असे दोघंच गॅरेज चालवत होते, आणि लोक लांबून येत ते या कानासाठी.

आता खरं सांगायचं तर त्या कानात काही राम उरला नव्हता. मोठे आवाज कळत. कुणी समोर उभं राहून बोललं तर तेही बहुतेक कळे. पण हवेची फुसफुस? छे! गेली काही वर्षं काकू गाडीखाली गेल्या की खालचा ओठ जिभेनं ओला करत आणि एकेका जोडापाशी तोंड नेत. हवा सुटत असली की ओठ गार पडतो. बाहेर आल्यावर मात्र त्या ऐटीत कानालाच हात लावत. हे ढोंग आहे हे त्यांनाही ठाऊक होतं. पण ‘काकू बहिऱ्या झाल्या’ असं एकदा गावभर झालं की इथं गाडी कोण आणणार?

अशात जनावरांच्या डॉक्टरीणबाई आपली जीप घेऊन आल्या. डोंगरावरच्या वस्त्यांचा रस्ता म्हणजे निव्वळ चिखल. एक चाक जागच्या जागी गरगरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही. म्हणून बाईंनी पुढच्या-मागच्या एक्सलना हवेवर चालणारी लॉक बसवून घेतली होती. बटण दाबलं की लॉक लागतं आणि दोन्ही चाकं जोडीनं फिरतात. राहिलं होतं ते कॉम्प्रेसर बसवण्याचं आणि तिथून करंगळीहून बारीक अशा निळ्या नळ्या लॉकपर्यंत नेण्याचं काम.

काकू बॉनेटमध्ये डोकं घालून कॉम्प्रेसरला जागा शोधत होत्या. बाई पाठीमागून म्हणाल्या, “काकू, मागे वासरू असतं हं. काहीही चावतं.”

काकूंना ऐकू आलं ते असं: मागे सासरे असतात हं, काहीही चालतं.

“वा! गुणी म्हणायचे,” काकू म्हणाल्या.

बाईंना वाटलं, काकू थट्टा करतायत. त्या हसल्या.

“चढावर सांभाळून न्यावं लागत असेल नाही?” काकूंनी विचारलं.

“सांभाळून कसलं, बांधूनच ठेवते!”

काकूंनी डोकं बाहेर काढून बाईंकडे नीट पाहिलं. एवढी शिकलेली बाई, आणि सासऱ्यांना बांधून! पण दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं? त्यांनी मुकाट्यानं पाना उचलला.

एरवी मागची नळी त्या चासीवरून, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्यावरून, बाहेरून नेत. पण बाहेर दगड उडतात. मागे माणूसच बसणार असेल तर आतून नेलेली काय वाईट? त्यांनी नळी सीटच्या कडेनं नेली, म्हाताऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून घट्ट चिमटे मारले आणि रबरी कडं बसवलेल्या भोकातून, सायलेन्सरपासून लांब, खाली उतरवली. मग जीप उचलून चाकं पार लोंबू दिली आणि तेव्हाच एक्सलपाशी नळी कापली, चांगली ढील ठेवून. जमिनीवर उभ्या गाडीचं माप घेणारा पहिल्याच खड्ड्यात नळी तोडून बसतो. शेवटी रेडिओ बंद झाला, काकू खाली सरकल्या, एक जोड गळत होता तो सापडला. बाई खूश होऊन गेल्या.

आठवडाही झाला नसेल, तोच एका ट्रॅक्टरवाल्यानं जीप ओढत आणली. बाई गुडघ्यापर्यंत चिखलात. मागच्या सीटवर एक तांबडं वासरू, आणि त्याच्या तोंडात निळ्या नळीचा तुकडा. ते निवांत चघळत होतं.

“अहो काकू!” बाई कडाडल्या. “सांगितलं होतं ना, मागे वासरू असतं, काहीही चावतं! ऐन चढावर लॉक लागेना!”

“वासरू?” काकूंच्या तोंडून निघून गेलं. “मला वाटलं सासरे!”

“सासरे?”

“तुम्हीच म्हणालात की, बांधून ठेवते!”

ट्रॅक्टरवाला हसता हसता टायरवरच बसला. बाईंनाही राग धरवेना. पण हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं, “काकू, तुम्हाला ऐकू येत नाही का?”

सगळे काकूंकडे बघायला लागले. कानांवर हात ठेवणं सोपं होतं. बाईच नीट बोलल्या नाहीत, एवढंच म्हणायचं. पण बाईंच्या अंगावरचा चिखल समोर दिसत होता.

“नाही येत,” काकू म्हणाल्या. “बरीच वर्षं झाली.” आणि ओठाचंही सांगून टाकलं.

ट्रॅक्टरवाल्यानं लगेच ओठ ओला करून टायरच्या व्हॉल्व्हपाशी तोंड नेलं. बाई मात्र वळसा घालून काकूंच्या समोर आल्या आणि सावकाश म्हणाल्या, “आजच नवी नळी टाका. बाहेरून. मला परत वर जायचंय.” म्हणजे गिऱ्हाईक काही पळालं नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला.

हसत नव्हते ते एकटे दीर. वेल्डिंगचा मुखवटा हातात धरून ते तिथंच उभे होते.

“वहिनी, म्हणजे दुपारी मी जेवायला हाका मारायचो, त्या तुम्हाला ऐकूच येत नव्हत्या?”

“कधी मारायचात?”

“रोज मारायचो. तुम्ही वळूनही बघत नव्हता. मला वाटलं, दादा गेल्यावर मी तुम्हाला इथं नकोसा झालोय. म्हणून मग पलीकडे बसून एकटाच खायला लागलो.”

गावाला कळू नये म्हणून केवढा आटापिटा केला, आणि दहा पावलांवरचं आपलं माणूस इतकी वर्षं मन मारून जेवत होतं. काकूंचे डोळे भरून आले.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “नकोसे झाला असता तर तोंडावर सांगितलं असतं. मला ऐकू येत नाही, बोलता येतं!”

मग पलीकडे जाऊन त्यांनी दिरांचा डबा आणला आणि आपल्या डब्याशेजारी उघडला.