सुरेखाचा सत्कार

शाल भगवानने स्वतः निवडली. कॅनडातल्या सरे शहरातल्या पंजाबी दुकानदाराने काउंटरवर शालींचा ढीग टाकला. भगवानने एकेक उलटी करून पाहिली, काठ ताणला, वीण उजेडात धरली. शेवटी एक निळी काढली. अस्सल लोकरीची, जड.

"शादी है, भाईसाब?" दुकानदाराने विचारलं.

"सत्कार है."

"वो क्या होता है?"

भगवानला पटकन सांगता येईना. "किसी की इज्जत करनी है," तो म्हणाला.

भगवान मेश्राम चंद्रपूरकडचा. बाप राखीव जागेवर रेल्वेत लागला, म्हणून पोराला आयटीआय करता आलं. पोरगा कारखान्यात फिटर झाला. वेल्डिंग असं करायचा की सांध्यावरून बोट फिरवलं तर नळी कुठे जोडली ते कळू नये. त्याच हाताच्या भरवशावर तो बायको-पोरीला घेऊन कॅनडात आला. इथे जो तो विचारी, कॅनेडियन एक्स्पीरियन्स आहे का? भगवान घरी येऊन बायकोला, राधाला म्हणे, "दुकानात मिळत असता तर पहिल्याच दिवशी ग्रोसरीबरोबर आणला असता."

मिळाली ती साफसफाई. व्हँकुव्हरमधल्या एका उंच इमारतीत, संध्याकाळची पाळी. फिटरचा हात मॉपला लागला, पण हात तोच राहिला. मागे मागे सरकत पुसायचं, स्वतःच्या पावलाचा ठसा ओल्यावर राहता कामा नये. पाणी गढुळलं की बदलायचं. 'चालतंय' हा शब्द त्याच्या बादलीला ठाऊक नव्हता. दहा वर्षं पुसूनही तो सुपरवायझर झाला नाही. सुपरवायझर नेहमी गोरा येई, आणि येऊन भगवानकडूनच काम शिकून घेई.

त्याच्याच मजल्यावर सुरेखा रामटेके कामाला आली. पुलगावची. नवरा केव्हाच सोडून गेलेला, मुलगी आजीपाशी. एका म्हातारीची सेवा करायला तिच्या घरी राहायचं, या परवान्यावर ती कॅनडात आली होती. मालकाने म्हातारीच्या सेवेबरोबर आपल्या दोन भावांची घरंही तिच्याकडून घासून घेतली. तिने काम सोडलं. काम सुटलं तसा परवाना सुटला, आणि देश सोडून जा असा हुकूम निघाला. ती गेली नाही. इमारतीत तिला 'सू' म्हणत. सू कोण, कुठली, कोणी विचारत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने भगवानच्या पुसलेल्या फरशीवर पाय ठेवला.

"आत्ताच पुसलं ना बाई!" भगवान मराठीतच ओरडला.

ती हसली. "अगं माय! भाऊ, तुम्ही आपल्याकडचे?"

त्या दिवसापासून भाऊ आणि बहीण.

'बराबरी'त भगवानला तिनेच नेलं. ही संघटना पत्रकं वाटून घरी जाणाऱ्यांची नव्हती. पंजाबी, फिलिपिनो, मेक्सिकन, थोडी गोरी कॉलेजची पोरं. मागण्या दोन. शहराच्या पैशावर चालणाऱ्या कामांत बाहेरून आलेल्यांना वाटा राखून ठेवा, साध्या जागांत आणि वरच्याही. आणि कष्ट करणाऱ्या माणसाला कागदासाठी उचलून नेऊ नका. मागणी ऐकली नाही की ही माणसं दारात जाऊन बसत, आणि उचलल्याशिवाय उठत नसत. म्होरक्या होती जसबीर, ट्रक चालवणारी, आवाजही ट्रकसारखा.

गणपतीला मराठी मंडळात चारुदत्त नावाच्या इंजिनियरने भगवानला गाठलं. "काय भगवानराव, इथेही आरक्षण? सवय जात नाही म्हणायची!" आजूबाजूचे हसले. भगवानही हसला. चांगलं उत्तर त्याला घरी परतताना स्कायट्रेनमध्ये सुचलं, तेव्हा समोर एक झोपलेला चिनी म्हातारा होता.

बराबरीला भगवानच्या हाताचं मोल लवकर कळलं. दारात बसणारे पोलादी नळीत हात घालून बसत, म्हणजे ओढून काढता येऊ नये. पण नळीच्या आत साधी कडी असे, बसणाऱ्यालाच सोडता येणारी. पोलिस मान दाबत, कान पिरगाळत. माणूस कळवळून कडी सोडी. भगवानने नळी उलटसुलट करून पाहिली.

"ये कच्चा काम है," तो जसबीरला म्हणाला.

त्याने नव्या नळ्या केल्या. जाड पोलाद, आतून आडवी सळई, कुलूप बाहेर, किल्ली दुसऱ्याकडे. बसणाऱ्याने मनात आणलं तरी त्याला सुटता येऊ नये. मग कान पिरगाळून उपयोग काय?

"और अगर बंदा खुद निकलना चाहे?" जसबीरने विचारलं.

"तो पहले सोचे," भगवान म्हणाला.

दोन हजार नऊच्या मार्च महिन्यात सफाईच्या ठेकेदाराच्या दारात बराबरी बसली. सगळ्यांच्या तोंडाला रुमाल. संघटनेचा नियमच होता: नाव नाही, चेहरा नाही, फोटो नाही. सुरेखा मधल्या नळीत होती. पाऊस, वारा, पोलिसांचं दटावणं. नळी कापायला आणलेल्या यंत्राची दोन पाती तुटली. तिसरं पातं लावेपर्यंत ठेकेदार बोलणी करायला खाली आला. महिनाअखेर एक फिलिपिनो बाई सुपरवायझर झाली, आणि पुढच्या जागांत बाहेरून आलेल्यांचा वाटा ठेकेदाराने मान्य केला.

भगवानचा ऊर भरून आला. आणि इथेच त्याची चूक झाली.

आपल्या माणसाने काही केलं की त्याला चार लोकांसमोर उभं करायचं, शाल घालायची, दोन शब्द बोलायचे, हे त्याच्या रक्तात होतं. त्याच्या वस्तीतला पहिला पोरगा मॅट्रिक झाला तेव्हा वस्तीने त्याला शाल घातली होती. कोणाच्या खांद्यावर शाल पडली की सगळ्या वस्तीच्या खांद्यावर पडे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या कोणी खुर्ची दिली नाही, त्यांना सत्कार म्हणजे नुसता सोहळा नव्हे. चौदा एप्रिलला सरेत आंबेडकर जयंती होती. भगवानने जयंती मंडळाच्या सेक्रेटरीला, शरदचंद्रला फोन केला. शरदचंद्र सॉफ्टवेअरमधला, मनाने सरळ, कामाला तत्पर.

"अप्रतिम कल्पना, भगवानजी! आपली एक भगिनी एवढी लढली आणि आपल्यालाच माहीत नाही!"

सुरेखा मात्र तयार नव्हती.

"नको ना भाऊ. मी मागं बसून खीर खाईन."

"काहून लाजतं? चोरी केली का?"

"जसबीरनं सांगितलंय, नाव नाही, फोटो नाही."

"ते तिथं, पोलिसांसमोर. इथं सारी आपली माणसं. बाबासाहेबांसमोर काहून लपायचं?"

शेवटचं वाक्य तिला लागलं. "बरं," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तर."

हॉलमध्ये पंचशील झालं, मेणबत्त्या लागल्या. शरदचंद्रने सुरेखाचं पूर्ण नाव पुकारलं. किती महिन्यांनी ते नाव कोणी मोठ्याने घेतलं होतं! ती उठून पुढे आली. शाल राधाने घातली. टाळ्या थांबेनात. सुरेखा माइकसमोर एवढंच म्हणाली, "माझी पोरगी हे पाहायला पाहिजे होती," आणि रडली. भगवानही रडला. कॅमेरे लखलखले. ते भगवानने पाहिले. त्याला आनंदच वाटला.

दुसऱ्या दिवशी शरदचंद्रने फोटो मंडळाच्या वेबसाइटवर टाकला, आणि इंग्रजीत वृत्तांत लिहून सरेच्या साप्ताहिकालाही पाठवला. 'सफाई कामगारांच्या लढ्यातील रणरागिणी सुरेखा रामटेके', खाली इमारतीचं नाव. कोणताही चांगला सेक्रेटरी हेच करी.

महिन्याभराने इमारतीच्या लॉबीत इमिग्रेशनची दोन माणसं आली. कागद पाहून त्यांनी विचारलं, सुरेखा रामटेके कुठे आहे? लॉबीतल्या रखवालदाराला असं नाव माहीत नव्हतं. तेवढ्यात सुरेखा बादली घेऊन लिफ्टमधून बाहेर आली. त्यांनी कागदावरच्या फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. फोटोत तिच्या खांद्यावर शाल होती.

भगवान मागेच होता. तो पुढे झाला. "शी इज माय सिस्टर," तो म्हणाला.

"ओके, सर. प्लीज स्टेप बॅक."

तो मागे सरला. ओल्या फरशीवर त्याच्या बुटाचे ठसे उमटले.

बराबरीच्या खोलीत जसबीरने वेबसाइटवरचं ते पान उघडलं. ती ओरडेल असं भगवानला वाटलं होतं. ती ओरडली नाही.

"भाईसाब, ये किसने किया?"

"मैंने."

"क्यों?"

दुकानदारापुढे झालं तेच पुन्हा झालं. भगवानला सांगता येईना.

वकील केला, अर्ज फेटाळला. कोठडीत भेटायला गेल्यावर सुरेखा काचेपलीकडे बसली. शरदचंद्र बाहेर गाडीत रडतोय हे भगवानने सांगितलं, तर म्हणाली, "त्यांले सांगा, फोटो छान आला. पोरीनं पाहिला. आजीजवळ बसून मोठा करून पाहिला म्हणते." मग म्हणाली, "भाऊ, माझ्या बेसमेंटमधलं सामान बॅगेत भरून द्या. शाल नका टाकू. ती तुमच्याजवळ ठेवा."

"काहून?"

"तिकडं उन्हाळाच असतो," ती म्हणाली, आणि काचेवरून नजर काढली.

तिला न्यायचा दिवस बराबरीला कळला. जसबीरने ठरवलं, गाडी बाहेर पडूच द्यायची नाही. विमान चुकलं की वकिलाला आणखी एक दार ठोठावता येईल. कोठडीच्या पुढच्या फाटकाला नळ्या लावून बसायचं. "पहली नली में मैं," भगवान म्हणाला. त्याने रात्रीतून सांधे तपासले नव्हते, तपासायची गरज नव्हती. काम त्याचंच होतं.

पहाटे रिमझिम होती. फाटकाच्या खांबाभोवती भगवानने दोन्ही हात नळीत घातले. जसबीरने कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. राधा शेजारी छत्री धरून उभी. पोलिस आले, बोलले, गेले. एकाने खांदा दाबून पाहिला, नळी पाहिली आणि सोबत्याला म्हणाला, "नाइस वेल्ड्स." भगवानला हसू आलं. त्या सकाळी एकदाच.

तेवढ्यात मागच्या बाजूने ओरडा झाला. कपडे धुवायला नेणाऱ्या गाड्यांचं एक फाटक मागे होतं. तिथे बराबरीची चारच माणसं होती, नळी एकही नाही. जसबीर तिकडे धावली. सगळेच धावले. किल्ली जसबीरच्या खिशात गेली.

"काय झालं?" भगवान ओरडला. "राधा, पाह्य ना!"

राधा कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली. तिचा चेहराच सांगत होता. "गेली गाडी. दोघं आडवे पडले होते, उचलून बाजूला केलं."

भगवानने हात ओढले. सळई हलली नाही. त्याने पाय खांबाला लावून ओढले. मनगटं सोलली. नळी तशीच. कुठे ढिली नाही, कुठे वाकली नाही. कुठलीच जागा त्याने कच्ची सोडली नव्हती.

"ओढू नका हो," राधा म्हणाली. "रक्त येतंय."

"किल्ली आण."

"जसबीर त्या गाडीच्या मागं गेली, विमानतळावर."

राधाच्या पर्समधला फोन वाजला. तिने पाहिलं, ऐकलं, आणि भगवानच्या कानाला लावला. गाडीतल्या कोण्या दयाळू पहारेकरी बाईने सुरेखाला आपला फोन दिला होता.

"भाऊ," सुरेखाचा आवाज. "कुठं आहात? मी खिडकीतून पाहत होते."

"इथंच आहे. पुढच्या फाटकावर."

"आम्ही मागून निघालो."

"माहीत आहे."

"या ना थोडं विमानतळावर. दुरून तरी दिसाल."

भगवानने नळीकडे पाहिलं. "येतो," तो म्हणाला.

फोन कट झाला. पाऊस वाढला. राधाने पिशवीतून निळी शाल काढली आणि त्याच्या खांद्यांवर टाकली. कुडकुडणाऱ्या माणसावर टाकतात तशी, दुसरं काही मनात न आणता. शाल जड होती, अस्सल लोकरीची, लगेच ऊब आली.

"काढ ते," भगवान म्हणाला.

"गारठाल."

"काढ म्हणतो ना!"

राधाने काढली नाही. त्याला काढता येत नव्हती. तो खांबाला मिठी मारून बसून राहिला. पातं घेऊन येणाऱ्या पोलिसांची तो वाट पाहत होता. ढगांतून एकामागून एक विमानं वर जात होती. यातलं तिचं कोणतं, हे सांगणारं तिथे कोणी नव्हतं.